मुक्या पडद्याचे साथीदार : केशवराव भोळे

अमरावतीत जन्मलेला एक बुद्धिमान तरुण डॉक्टरकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडतो, गाण्याच्या मागे लागतो आणि मूकपटांना संगीताची साथ करू लागतो, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मध्यमवर्गीय मराठी घराला आनंदाने सांगता येण्यासारखी नव्हती. डॉक्टर म्हणजे प्रतिष्ठा, निश्चित मिळकत आणि समाजात मान. चित्रपटगृहातील वाजवणारा मात्र कोणाच्याच खिजगणतीत नसे. तिकीट काढून आलेला प्रेक्षक पडद्याकडे पाही. पडद्याच्या पायथ्याशी अंधारात बसलेल्या माणसाकडे लक्ष जाई ते त्याचे वाद्य बंद पडले तरच. केशव वामन भोळे यांनी आपल्या सांगीतिक आयुष्याच्या सुरुवातीला ही अंधारातील जागा पत्करली. पुढे 'संत तुकाराम', 'कुंकू', 'संत ज्ञानेश्वर' या चित्रपटांचे संगीतकार, भावगीताच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, 'एकलव्य' या नावाने लिहिणारे निर्भीड संगीतसमीक्षक आणि ज्योत्स्नाबाई भोळे यांचे पती म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. या सगळ्या ओळखींच्या गर्दीत मूकपटाची ती पहिली उमेदवारी मात्र मागे पडली. त्यांच्या पुढच्या कामगिरीची पुष्कळशी किल्ली तेथेच आहे.

केशवरावांचा जन्म १८९६ चा. हिंदुस्थानात सिनेमा आला तोही त्याच वर्षी. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या प्रतिनिधीने हलती चित्रे दाखवली. काही दिवसांतच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले आणि तेथे सेमूर डव्ह नावाच्या गृहस्थांच्या देखरेखीखाली चित्रांना साजेसे संगीत वाजवले जाईल, अशी जाहिरात झाली. म्हणजे सिनेमा आपल्याकडे मुका आला हे खरे, पण तो निःशब्द कधीच नव्हता. चित्र आले आणि त्याच्या मागोमाग, महिनाही पुरा व्हायच्या आत, साथ आली.

अर्थात चित्रांना सुरांची आणि शब्दांची साथ ही मराठी माणसाला अगदीच नवी नव्हती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकाच्या आरंभीच 'शांबरिक खरोलिका' नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले होते. दिव्याच्या झोतात पडद्यावर रामायणातील प्रसंग उमटत आणि बाजूला उभे राहून निवेदन, संवाद, पदे म्हटली जात. चित्रकथी परंपरा त्याहूनही जुनी. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्याच तिकिटात नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांवर वस्तू झेलण्याचे खेळही होते. चित्रपट हा तेव्हा एका मोठ्या, गजबजलेल्या जलशाचा भाग होता. त्या जलशात वाद्ये असणारच.

मूकपटाला साथ करणे म्हणजे नेमके काय, हे आज समजावून सांगावे लागते. सुमारे हजार फुटांचे एक रीळ पंधरा मिनिटांच्या आसपास चाले. यंत्र बहुधा हाताने फिरवले जाई, त्यामुळे चित्राची लय फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून. यंत्र एकच असेल तर रीळ संपताच पडदा पांढरा पडे आणि दुसरे रीळ चढेपर्यंत प्रेक्षकांना धरून ठेवण्याचे काम वाजवणाऱ्याकडे येई. मध्येच पडद्यावर अक्षरे झळकत, बहुधा एकाहून अधिक भाषांत. ती ज्यांना वाचता येत नसत त्यांच्यासाठी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी, आणि त्या आवाजाखाली वाद्य दबते ठेवावे लागे. लगेच पुढच्या क्षणी घोडे दौडू लागत, की द्रुत लय धरायची. घोडेस्वार पडला की थांबायचे. आई मुलाला कवटाळते आहे तेथे एखादी जोगियाची किंवा भैरवीची सुरावट, आणि खलपुरुष दाराआड उभा दिसला की तीच सुरावट अर्ध्यावर तोडायची. पहिल्या खेळाला साथीदार प्रेक्षकांइतकाच अजाण असे. दुसऱ्या खेळाला त्याला वळणे ठाऊक झालेली असत आणि आठवडा संपेपर्यंत त्याच्या मनात एक संपूर्ण रचना तयार होई. चित्र बदलले की ती रचना विसरून जायची.

मुंबईत त्या काळी या कामाचे दोन वेगळे संसार होते. इंग्रजी चित्रे लावणाऱ्या फोर्ट भागातील बड्या चित्रगृहांत पियानो, व्हायोलिन, कधी छोटा वाद्यवृंद असे. तेथे स्वरलिपी वाचू शकणारे गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळांत लहानपणीच त्यांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळालेले असे. देशी चित्रे लावणाऱ्या गिरगाव-लालबागच्या बाजूला हार्मोनियम आणि तबला. पियानो सगळ्यांना परवडणारा नव्हता आणि सर्वांच्या कानांना रुचणाराही नव्हता. पण पट्ट्यांच्या वाद्याचे मराठी कानांना वावडे होते असे मात्र नाही. संगीत नाटकाने पायपेटी आणि ऑर्गन केव्हाच आपलेसे केले होते. हार्मोनियम हा गरिबाचा पियानो आहे, हे शास्त्रीय संगीतातील कर्मठांना कितीही खुपो, चित्रगृहात त्याला पर्याय नव्हता. एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने सूर सांभाळत, डोळे पडद्यावर खिळवून तासन्‌तास वाजवणारी ही माणसे कोण होती, याची नोंद कोणी ठेवली नाही.

युरोप-अमेरिकेत याच काळात या कामाचे मोठे शास्त्र झाले होते. बर्लिनमध्ये जुझेप्पे बेच्चे यांनी १९१९ पासून प्रसंगवार संगीताच्या पोथ्या छापायला घेतल्या. अमेरिकेत एर्नो रापे यांनी १९२४ साली पियानोवादकांसाठी जाडजूड संग्रह काढला आणि पानाच्या कडेलाच प्रसंगांची यादी दिली, म्हणजे वाजवता वाजवता हवे ते पान उघडता यावे. लेनिनग्राडमध्ये घरच्या ओढगस्तीपायी चित्रगृहात पियानो बडवणारा एक कृश विद्यार्थी पुढे द्मित्री शोस्ताकोविच म्हणून जगप्रसिद्ध झाला. आपल्याकडे पोथ्या नव्हत्या. येथे उपज होती. रागाचा विस्तार ऐन वेळी करण्याची सवय अंगात मुरलेल्या वादकाला पडद्यावरच्या प्रसंगाचा विस्तार करणे तितकेसे परके वाटले नसावे.

आणि ही उपज केवळ बैठकीच्या गाण्यातूनच आलेली होती असे नाही. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात ज्याने यात्रेतला तमाशा पाहिला आहे त्याला ती चांगली ठाऊक आहे. नारायणगावच्या फडांत ढोलकीवाला नाचणारीच्या पायांकडे आणि सोंगाड्याच्या चेहऱ्याकडे एकाच वेळी पाहत असतो. बतावणीतला शब्द आयत्या वेळी सुचलेला असतो, त्यामुळे त्यावर पडणारी थापही आयत्या वेळचीच असते. सोंगाड्या अडखळला तर ढोलकी त्याला सावरून घेते. हशा लांबला तर तुणतुणे तेवढा वेळ भरून काढते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड आणि पुढे विठाबाई यांच्या रंगमंचावर हे कसब पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. यात्रेच्या ज्या मैदानात तमाशाची राहुटी लागे, त्याच मैदानात फिरत्या सिनेमाचा तंबूही लागू लागला. दोन्हीकडचा प्रेक्षक एकच होता, आणि दृश्याला साथ हवीच, ही त्याची अपेक्षाही एकच होती. साथ या शब्दाला मराठीत सोबतीचाही अर्थ आहे.

केशवरावांच्या बाबतीत या उमेदवारीने दोन गोष्टी घडवल्या असे म्हणायला जागा आहे. पहिली, सुराला प्रसंगाचे भान आले. मैफलीत गवई स्वतःचा धनी असतो. चीज किती वेळ गायची, सम कोठे दाखवायची, हे तो ठरवतो. पडद्यासमोर मालकी चित्राची. सुंदर सुचलेली जागाही चित्र पुढे सरकताच सोडून द्यावी लागते. दुसरी, आपल्या गाण्याखेरीज बाहेरचे संगीतही त्यांनी कान देऊन ऐकले आणि त्यातले उपयोगी पडेल ते घ्यायला त्यांना संकोच वाटला नाही. पुढे ज्या संगीतकाराने मराठी चित्रपटात पियानो आणला तो सोवळ्या कानांचा असूच शकत नव्हता.

मात्र त्यांची भक्ती अभिजात संगीतावरच होती. रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले, अल्लादियाखाँ अशा थोरांचा तो काळ. केशवरावांनी पुष्कळ ऐकले आणि ऐकलेल्याचा विचार केला. पुढे समीक्षा लिहिताना त्यांनी घेतलेले टोपणनाव या दृष्टीने बोलके आहे. एकलव्य हा गुरूच्या समोर न बसता शिकलेला शिष्य. त्याच सुमारास मराठी कवितेला एक नवे घर मिळत होते. १९२७ साली मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. तेथे ना नाट्यगृहाचा शेवटचा प्रेक्षक, ना पल्लेदार आवाजाची सक्ती. ध्वनिक्षेपकापुढे हलक्या आवाजात, शब्दांचे मोल राखून गाता येऊ लागले. केशवराव तेथे आधुनिक कवींच्या कविता स्वतःच्या चालींत गाऊ लागले. पुढे भावगीत म्हणून जो प्रकार रुजला, त्याची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावे लागते. कवितेलाही त्यांनी चित्रासारखेच वागवले. अर्थ पुढे आणि सूर त्याच्या मागोमाग, असा तो क्रम होता. शास्त्रीय संगीतवाल्यांना हे गाणे पातळ वाटले आणि तसे बोलून दाखवणारेही कमी नव्हते.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलमआरा' लागला आणि पडदा बोलू लागला. या घटनेचे गोडवे नेहमीच गायले जातात. त्याच दिवसापासून एक धंदा मरू लागला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. चित्रगृहाच्या मालकाला आता पेटीवाला, तबलजी, अक्षरे वाचून दाखवणारा, कोणीच नको होते. दोन-चार वर्षांत चित्रगृहांतले वादक दिसेनासे झाले. गोव्याच्या वादकांपैकी काही हॉटेलांतील नाचाच्या वाद्यवृंदांत गेले, काही पुढे चित्रपट स्टुडिओंत आले. बाकीच्यांचे काय झाले हे इतिहासाने विचारलेले नाही. स्टुडिओंत मात्र गाण्यांचा महापूर आला होता. १९३२ च्या 'इंद्रसभा' या एका बोलपटात सत्तरच्या आसपास गाणी होती! पडद्याला वाचा फुटली आणि त्याने पहिल्यांदा केले ते हे.

केशवरावांनी त्या पुरात उडी घेतली ती अंमळ वेगळ्या काठावरून. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने श्रीधर विनायक वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्न्सन यांच्या नाटकावरून घेतलेले हे कथानक. १ जुलै १९३३ चा तो प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात एक टप्पा मानला जातो, कारण पडदे, पदे आणि पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका हा सारा जुना थाट त्याने बाजूला सारला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. गाणी मोजकीच ठेवली आणि तीही प्रसंगातून उमलतील अशी. शिवाय पात्र गात नसतानाही प्रसंगाला पूरक असे संगीत योजले. नाटक पाहणाऱ्यांना ही कल्पना नवी वाटली. ज्याने मुक्या चित्रांना साथ केली होती त्याला ती नवी वाटण्याचे कारण नव्हते. बिंबाच्या भूमिकेत ज्योत्स्ना भोळे होत्या. गोव्यातील बांदिवडे गावच्या दुर्गा केळेकर या गुणी मुलीशी केशवरावांचा १९३२ साली विवाह झाला होता. दोघांच्या वयात अठरा वर्षांचे अंतर होते. पुढे रसिकांनी त्यांच्या आवाजावर जिवापाड प्रेम केले. त्या आवाजाला भावगीताचे वळण लावणाऱ्यांत केशवराव प्रमुख होते.

याच सुमारास प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यात आली. प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. टेंबे म्हणजे नाट्यसंगीताचा आणि हार्मोनियमचा राजयोग. त्यांच्यानंतर पुण्याच्या नव्या स्टुडिओतील पहिल्या चित्रपटाला, म्हणजे १९३४ च्या 'अमृतमंथन'ला, केशवरावांनी संगीत दिले. बळीची प्रथा बंद करू पाहणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू अशी ती कथा. राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांचे पडदाभर पसरलेले डोळे पाहून प्रेक्षक दचकत. व्ही. शांताराम नुकतेच जर्मनीहून परतले होते आणि प्रकाशछायेचे नवे खेळ त्यांच्या डोक्यात घोळत होते. अशा चित्राला नाट्यपदांच्या ठरीव साथीने भागणारे नव्हते. केशवरावांनी पियानो, व्हायोलिन आणि हवाइयन गिटार वापरली. पौराणिक वळणाच्या कथेत ही परदेशी वाद्ये म्हणजे तेव्हा धाडसच. पण फोर्टातल्या चित्रगृहांत पियानोच्या खर्जातील एका आघाताने अख्खे सभागृह स्तब्ध होई. त्या आघाताची ताकद पेटी-तबल्याच्या जोडीकडून मिळणे कठीण, हे ज्याने तो धंदा आतून पाहिला त्यालाच कळणार. केशवराव स्वतः पियानोवादक नव्हते. वाद्य कोठे आणि किती लावायचे, याचे मात्र त्यांना नेमके ज्ञान होते. या चित्रपटाने शांता आपटे ही गायिका-नटी प्रकाशात आली. तिच्या गाण्यात जो मोकळा, बोलका अभिनय होता त्याला केशवरावांच्या चाली मानवल्या.

प्रभातमध्ये केशवराव आणि मास्टर कृष्णराव हे दोन संगीतकार आलटून-पालटून काम करीत राहिले. दोघांची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. मास्टर कृष्णरावांकडे चालींचा झरा होता, एकेक चाल मैफलीत स्वतंत्र उभी राहील अशी. केशवरावांच्या चाली चित्रातून उचलून बाहेर आणल्या की थोड्या फिक्या वाटतात. हा दोष म्हणावा की गुण, हे ज्याने त्याने ठरवावे. चित्राच्या आत मात्र त्या हलवता येत नाहीत.

'संत तुकाराम' याचे उत्तम उदाहरण. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३६ च्या डिसेंबरात मुंबईत लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. त्याच्या आरंभीच तुकोबा साध्या, घरगुती सुरात अभंग म्हणताना दिसतात आणि पाठोपाठ तोच अभंग देवळात साळोमालो आळवू लागतो, आलाप-तानांनी नटवून आणि स्वतःचा म्हणून. संवाद लिहून जे सांगायला पाच मिनिटे लागली असती ते केशवरावांनी एकाच अभंगाच्या दोन चालींनी सांगून टाकले आहे. कोण भक्त आणि कोण भोंदू हे प्रेक्षकाला कानांनी कळते. गंमत अशी की अभिजात गायकीवर निस्सीम प्रेम असलेल्या संगीतकाराने येथे तानबाजीला खलनायकाच्या गळ्यात टाकले आहे. विष्णुपंत पागनीस यांच्या गळ्यातला भजनी साधेपणा, टाळ-मृदंगाची वारकरी लय आणि शेतातल्या कष्टांच्या तालावर चालणारी गाणी यांमुळे हा चित्रपट देहूचा वाटतो, पुण्याच्या स्टुडिओतला वाटत नाही. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग पुढे अनेकांनी तुकोबांचाच समजला. त्या गैरसमजाला आठवल्यांच्या शब्दांइतकीच केशवरावांची चालही जबाबदार आहे.

आणि मग १९३७ साली आला 'कुंकू'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. अनाथ नीराला तिचा मामा फसवून एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. ती या लग्नाला लग्न मानायला नकार देते आणि त्याच घरात राहून त्या नकारावर ठाम राहते. शांता आपटे नीरा, केशवराव दाते काकासाहेब. समाजसुधारणेच्या पुण्यात असले चित्र काढणे ही साधी गोष्ट नव्हती. पण संगीतकारापुढचा पेच याहूनही अवघड होता. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीतच ठेवायचे नाही असे ठरवले. वाद्यवृंदाने प्रसंगामागून कोणतीही भावना सुचवायची नाही. त्या घरात, त्या गल्लीत जे आवाज खरोखर होतील तेवढेच प्रेक्षकाने ऐकायचे. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टकटक, भांड्यांचा आवाज, पावले, रस्त्यावरची हाक.

क्षणभर हा प्रसंग केशवरावांच्या जागी राहून पाहिला पाहिजे. ज्याची उमेदवारीच चित्राला अखंड साथ करण्यात गेली, ज्याच्या धंद्याचा पहिला नियम म्हणजे पडदा कधी एकाकी पडू द्यायचा नाही, त्याला आता हात आवरून बसायला सांगितले होते. दुसऱ्या एखाद्या संगीतकाराने हा अपमान मानला असता, किंवा तडजोड म्हणून चार-दोन ठिकाणी व्हायोलिन घुसवलेच असते. केशवरावांनी ती शिस्त पाळली. त्याचे श्रेय दिग्दर्शकाला दिले जाते आणि ते रास्तच आहे. परंतु मूकपटाच्या साथीदाराला थांबण्याचे मोल इतरांपेक्षा अधिक कळते, हेही खरे. सतत वाजणाऱ्या पेटीचा आवाज काही वेळाने ऐकूच येईनासा होतो. ती थांबते तेव्हा सभागृह श्वास रोखते. 'कुंकू'मध्ये काकासाहेबांच्या घरात ती थांबलेली पेटी चित्रपटभर ऐकू येते. म्हाताऱ्या नवऱ्याचे वय सांगायला त्या टकटकणाऱ्या घड्याळाशिवाय दुसरे वाद्य लागले नसते.

गाणी होती, पण प्रत्येक गाण्याला कथेत कारण होते. त्यांतले एक तर चक्क इंग्रजी. अमेरिकन कवी लाँगफेलो यांची जीवनावरची प्रसिद्ध कविता नीरा गाते. खुद्द नीराच्या तोंडी इंग्रजी कविता कितपत शोभते, असा प्रश्न त्या वेळीही पडला असेल आणि आजही पडतो. परंतु शांता आपटे ती ज्या तडफेने म्हणते, त्यापुढे तो प्रश्न तेवढ्यापुरता गळून पडतो. मराठी घराच्या ओटीवर इंग्रजी छंद गाता येईल अशी चाल बांधायला दोन्ही संगीतांशी परिचय हवा. आयुष्याच्या सुरुवातीला दोन्ही प्रकारच्या संगीताला कान उघडे ठेवल्याचा हा लाभ म्हटला पाहिजे.

'माझा मुलगा' १९३८ चा, 'संत ज्ञानेश्वर' १९४० चा, 'संत सखू' १९४१ चा. पुढे प्रभातच्या भागीदारांत फूट पडली, शांताराम बाहेर पडले आणि ते पर्व ओसरले. चित्रपटसंगीताचीही हवा पालटली. मोठे वाद्यवृंद आले, पार्श्वगायक आले, गाणे चित्रापेक्षा मोठे झाले. केशवराव त्या शर्यतीत फारसे राहिले नाहीत. त्यांचा पिंड विचार करणाऱ्याचा होता. 'वसुंधरा' साप्ताहिकात 'एकलव्य' या नावाने त्यांनी समकालीन गायकांवर जे लेख लिहिले, ते 'आजचे प्रसिद्ध गायक' या पुस्तकात आले. त्यांत गायकाचा आवाज, आवाजाचा लगाव, लयीची समज, मैफल बांधण्याची रीत, यांची अशी चिकित्सा आहे की मराठीत संगीतसमीक्षेला त्यामुळे भाषा मिळाली. भक्तांना ती पचली नाही. गवयाचे दोष छापून सांगायचे असतात हेच पुष्कळांना मान्य नव्हते. 'अस्ताई', 'अंतरा', आठवणींचे 'जे आठवते ते' ही त्यांची आणखी काही पुस्तके. 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या चाली कशा झाल्या हे लिहिले. चाल ही दैवी देणगी म्हणून मिरवण्याच्या काळात एका संगीतकाराने स्वतःच्या कामाचा हा हिशेब मांडला, याचे महत्त्व संगीताच्या विद्यार्थ्याने ओळखावे. डॉक्टरकी सुटली तरी तपासून पाहण्याची सवय सुटली नव्हती, असे गमतीने म्हणता येईल.

हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले अवघे काही डझन आज शिल्लक आहेत, आणि त्यांतही पुष्कळसे तुकडेच. चित्रांची ही गत, तर त्यांना केलेल्या साथीची काय कथा! ती कागदावर कधी उतरलीच नव्हती. पेटी मिटली की रचना संपली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, त्याच्या तिजोरीत 'संत तुकाराम'ला आणि 'कुंकू'ला जागा मिळाली. तरुण केशवरावांनी अंधारात बसून ज्या चित्रांना सूर दिला, त्या सुरांना जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

केशवराव १९७७ साली वारले, वयाची ऐंशी वर्षे पार करून. ज्योत्स्नाबाई त्यांच्यामागे चोवीस वर्षे राहिल्या आणि ऑगस्ट २००१ मध्ये गेल्या. पुढे पुण्यात टिळक रस्त्याजवळ हिराबागेत त्यांच्या नावाचे एक छोटे सभागृह उभे राहिले. तेथे नाटके झाली, गाणी झाली, आणि प्रत्येक प्रयोगाला कोणीतरी रंगमंचाच्या कडेला, उजेडाच्या थोडे बाहेर, वाद्य घेऊन बसलेले असे.